नाडी, तार आणि रांग

प्रकाशाच्या मांडणशिल्पांविषयी लिहिताना ‘प्रेक्षक कलाकृतीचा भाग होतो’ हे वाक्य हमखास येते. मला ते अपुरे वाटते. बटण दाबल्यावर जिन्यातला दिवा लागतो, तेव्हाही मी त्या यंत्रणेचा भाग असतोच. म्हणून जिन्याला कोणी कलाकृती म्हणत नाही. प्रेक्षकाच्या सहभागातून अर्थ कुठे आणि कसा निर्माण होतो, हा खरा प्रश्न आहे. मेक्सिकोत जन्मलेल्या आणि कॅनडात काम करणाऱ्या राफाएल लोझानो-हेमर यांची ‘पल्स रूम’ (२००६) ही कृती त्यासाठी तपासण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात २०१८-१९च्या हिवाळ्यात मी ती पाहिली.

रचना साधी आहे. काळोख्या दालनात सुमारे तीन मीटर उंचीवर पारदर्शक काचेचे, तारेचे बल्ब टांगलेले असतात. जागेनुसार शंभर ते तीनशे. एका बाजूला नाडी टिपणारे उपकरण. ते हातांनी धरले की जवळचा बल्ब तुमच्या ठोक्यांच्या तालात उजळू लागतो. हात सोडले की सगळे दालन क्षणभर विझते. मग तुमची नोंद रांगेतल्या पहिल्या बल्बवर जाते, आधीच्या प्रत्येकाची नोंद एकेक जागा पुढे सरकते आणि अगदी शेवटची रांगेबाहेर पडते.

लोझानो-हेमर यांनी या कृतीचे मूळ ‘माकारिओ’ (१९६०) या मेक्सिकन चित्रपटात असल्याचे सांगितले आहे. त्यात एका गुहेत असंख्य मेणबत्त्या जळत असतात आणि प्रत्येक मेणबत्ती म्हणजे एकेक माणसाचे आयुष्य. ‘प्राणज्योत मालवली’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही प्रतिमा परकी वाटणार नाही. पण इथेच घाई होते, असे मला वाटते. बहुतेक लोक ‘दिवा म्हणजे जीव’ एवढ्यावर थांबतात. गुहेतल्या मेणबत्तीची लांबी ज्याची त्याची असते. इथे मात्र माझा दिवा किती वेळ टिकेल, हे माझ्यानंतर येणाऱ्यांवर ठरते. रविवारच्या गर्दीत तो भराभर पुढे ढकलला जाईल, आडवारी बराच वेळ रेंगाळेल. मेणबत्तीच्या जागी रांग आली आणि नियतीच्या जागी शेजारी आले. या कृतीचा अर्थ मला त्या बदलात दिसतो.

शिवाय सोडण्याच्या क्षणी होणारा तो अंधार. उपकरण धरलेले असताना सगळे लक्ष स्वतःवर असते; सोडल्यावर आपला ठोका शेकडो ठोक्यांत मिसळतो आणि थोड्याच वेळात आपल्यालाही ओळखू येत नाही. टोकियोच्या ‘टीमलॅब’ समूहाच्या कामांत आपण स्थिर उभे राहिलो की पायांशी फुले उमलतात. दिसायला ते फार सुंदर असते, पण त्यात माणसाला गोंजारणे जास्त आहे. ‘पल्स रूम’ गोंजारत नाही.

आता तारेविषयी. टंगस्टनची तार तापायला आणि निवायला किंचित वेळ घेते. त्यामुळे प्रत्येक ठोका चढतो, उतरतो, मागे तांबूस शेपूट ठेवतो. हीच नोंद साध्या एलईडीवर दाखवली तर ती उघडझाप होईल, रिक्षाच्या इंडिकेटरसारखी. नाडी म्हणून ती पटते ती या विलंबामुळे. त्यात तीनशे वॅटच्या बल्बची धग, जी डोळ्यांच्या आधी कपाळाला कळते. छायाचित्रांत यातले काहीच उतरत नाही, आणि तरीही निम्मे लोक फोन उंचावून उभे असतात.

युरोपीय संघाने २००९पासून असे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढायला सुरुवात केली. विजेचा हिशेब पाहता ते योग्यच आहे. पण या कृतीचे जतन म्हणजे केवळ तिची संगणकीय आज्ञावली जपणे नव्हे. मंद विझणे एलईडीला शिकवता येईल, धग कशी शिकवणार? अशी कृती संग्रहात घेणाऱ्या संस्थेने बल्बांचा पुरेसा साठाही त्याच वेळी घ्यावा, असे माझे मत आहे.