कोपऱ्यातला चौकोन

बालभारतीची पुस्तके मी साहित्यकृतीसारखी वाचतो. १९६७ साली संस्था स्थापन झाली, तेव्हापासूनची जमतील तेवढी रद्दीतून गोळा केली आहेत. अलीकडच्या पुस्तकांत धड्याशेजारी एक काळा-पांढरा चौकोन दिसतो, क्यूआर कोडचा. त्यावर मोबाइल धरला की ‘दीक्षा’वरचे साहित्य उघडते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधीच केला होता. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कोडाची वाहवा झाली. पण त्यांच्या कामाचा गाभा दुसरा होता. मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तक त्या भाषेत आणले. समोरचे मूल आधी, चौकोन नंतर. राज्यभर पोहोचला तो चौकोन. ते मूल मागेच राहिले.

माझा आक्षेप यंत्रावर नाही, पानाच्या अपुरेपणावर आहे. टाळेबंदीत शेजारच्या चौथीतल्या मुलीने कोड असलेल्या प्रत्येक पानात कागदाची चिठ्ठी घातलेली मी पाहिली. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. “ही पानं बाबा आल्यावर वाचायची,” ती म्हणाली. ते यायचे तेव्हा ती झोपलेली असे.

गरिबाच्या मुलाच्या पूर्ण मालकीची वस्तू म्हणजे फुकट मिळालेले पुस्तक. म्हणून नव्या पुस्तकाला मी एकच कसोटी लावतो: मोबाइल नसताना धडा पुरा होतो का? झाला, तर चौकोन ही खिडकी. नाही तर ते कुलूपच.