रसाची मोजदाद

प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर काय उमटते हे संगणकाकडून टिपून घेऊन चित्रपटाची पारख करावी, ही कल्पना आता केवळ कल्पना राहिलेली नाही. डिस्ने कंपनीच्या संशोधकांनी चारशे आसनांच्या एका चित्रपटगृहात अंधारात पाहू शकणारे कॅमेरे बसविले. नऊ चित्रपटांच्या 150 खेळांत 3,179 प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरील सुमारे 1 कोटी 60 लाख खुणा नोंदविल्या आणि 2017 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. एखादा चेहरा काही मिनिटे पाहिला की पुढे तो कोठे हसेल याचे भाकीत हे यंत्र करते, असे त्यांचे म्हणणे.

हे ऐकून नाक मुरडणाऱ्या रसिकांत आम्ही नाही. ही हौस पाश्चात्त्यांची नव्हे, भरतमुनींची आहे. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय नाट्याच्या सिद्धीचा आहे. प्रेक्षकाचे स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, त्याचे वाहवेचे आणि हळहळीचे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरची वस्त्रे व बोटांतल्या अंगठ्या फेकणे या साऱ्यांची तेथे गणती आहे. (अंगठ्या फेकणारा प्रेक्षक आजच्या निर्मात्यासही नकोसा होणार नाही!) गुणदोष टिपून ठेवण्यासाठी परीक्षकांच्या दिमतीला लेखक आणि गणकही दिलेले आहेत. संगणक त्याच गणकाचा वंशज म्हणावा.

परंतु भरत तेथेच थांबत नाही. वरील सर्व खुणा त्याने मानुषी सिद्धीच्या खात्यात घातल्या. तिच्याहून निराळी ती दैवी सिद्धी: प्रेक्षागृह भरलेले आहे, आणि शब्द नाही, क्षोभ नाही, काही विपरीत घडत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (2016) शेवट ज्यांनी भरल्या चित्रपटगृहात पाहिला त्यांस ही अवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही. आईबापांच्या रक्तात माखलेली मुलाची पावले उमटत जातात, ध्वनी नाहीसा होतो आणि सारी माणसे निश्चल बसतात. निश्चल चेहऱ्यावर यंत्राने काय वाचावे? कंटाळलेला प्रेक्षकही तसाच बसतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन हेच दाखविले की, चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर यंत्राच्या हाती अनुभाव लागतो. रस लागतोच असे नाही.

जबलपूरनजीक बरगीसारख्या ठिकाणी नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांस मोजमापाची थोरवी आम्ही काय सांगावी? जलाशय 422.76 मीटरांवर आला की भरला. एकवीस दरवाजांपैकी किती उघडावयाचे ते आकड्यावरूनच ठरते, आणि ठरावे. तथापि त्याच धरणाखाली 101 गावे जातील असा अंदाज होता, आणि 1990 साली धरण भरले तेव्हा 162 गेली. पाण्यासारख्या मोजता येणाऱ्या वस्तूची ही कथा. शिवाय त्या चुकीचा भार गणिताने उचलला नाही, गावांनी उचलला.

चित्रपटाच्या बाबतीत तो भार कोण उचलणार, ही आमची खरी चिंता आहे. आलेख जेथे खाली येतो तेथे कात्री चालविण्याचा मोह संकलकास होणार, आणि प्रथम बळी जाणार तो स्तब्धतेचा. शिवाय आता मापन चित्रपटगृहापुरते उरलेले नाही. घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या आपण कोठे थांबलो, कोठून उठलो याची नोंद ठेवतात. बरगीच्या वसाहतीत मराठी चित्रपटाचा खेळ कोठून असणार? एखादा अभियंता रात्री एकटाच भ्रमणध्वनीवर 'सैराट' लावतो. ती पावले दिसू लागतात, त्याला पुढे पाहवत नाही आणि तो पडदा बंद करतो. कंपनीच्या नोंदीत एवढेच जमा होते की अमुक मिनिटाला एक प्रेक्षक चित्रपट सोडून गेला.