'हरवलेली आनुवंशिकता' खरंच हरवली होती का?

रिसर्चची तयारी करताना हा पेपर कुठं ना कुठं तुमच्या समोर येतोच. टेरी मॅनोलिओ आणि सहकारी, 'नेचर', २००९. विषय: गुंतागुंतीच्या आजारांची हरवलेली आनुवंशिकता. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी भारावून गेलो होतो. मग सुट्टीत गोसीखुर्दला घरी बसून पुन्हा वाचला, आणि खटकला.

आधी त्याचं म्हणणं बघू. माणसांच्या उंचीतला साधारण ८० टक्के फरक आनुवंशिक मानतात. पण तोवर जीनोमभर शोधून मिळालेल्या ४० जागा मिळून फक्त ५ टक्के फरक समजत होता. टाइप २ मधुमेहात १८ जागा, हिशेब ६ टक्के. मग बाकीचं गेलं कुठं? लेखक संशयितांची यादी देतात: दुर्मीळ व्हेरियंट, डीएनएचे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे, जनुकांची एकमेकांवरची क्रिया, घरातलं सामायिक वातावरण. यादी प्रामाणिक आहे, तक्ता तर पाठ करावा असा.

खटकतो तो 'हरवलेली' हा शब्द. अशा शोधात आपण एकाच वेळी दहा लाख प्रश्न विचारतो, म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागून ०.०००००००५ ही गाळणी लावतो. गाळणी हवीच, नाहीतर योगायोगच निकाल म्हणून हाती येतील. पण छोटा परिणाम असलेली खरी जागाही त्यात अडकते. २०१० मध्ये जियान यांग, पीटर विशर वगैरेंनी ३,९२५ लोकांत सुमारे २.९५ लाख जागा एकत्र मोजल्या आणि उंचीतला ४५ टक्के फरक समोर आला. म्हणजे बरंच काही हरवलं नव्हतंच, गाळणीत अडकलं होतं.

आता आमच्याकडची गोष्ट. विदर्भात सिकलसेल घराघरांत माहीत आहे. पाठ्यपुस्तकात तो एका जनुकाचा आजार: बीटा ग्लोबिनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, संपला विषय. पण रिपोर्ट दोघांचाही 'एसएस', तरी एक जण वारंवार दवाखान्यात आणि दुसरा रोवणीला बांधीत उतरतो, असं का? एक कारण म्हणजे मोठेपणीही टिकून राहणारं गर्भातलं हिमोग्लोबिन. ते कमी-जास्त करणारं बीसीएल११ए हे जनुक २००७-०८ च्या सुमारास याच जीनोमभर शोधातून पुढे आलं. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेली क्रिस्पर उपचारपद्धती त्याच जनुकाच्या नियंत्रक तुकड्यावर काम करते. म्हणजे टक्केवारी हा उपयोगाचा मापदंड नाही, आणि पेपरचा सगळा भर टक्केवारीवर आहे.

शिवाय ऊन, अंगातलं पाणी कमी होणं, ताप हेही आजाराचा जोर ठरवतात. आनुवंशिकतेचा आकडा एका लोकसमूहाचा, एका परिस्थितीतला असतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. जो आकडा स्वतःच हलतो, त्यातून किती 'हरवलं' ते कसं मोजणार?

सगळ्यात मोठी अडचण आपली आहे. युरोपबाहेरचे नमुने वाढवा असं लेखकही सुचवतात, पण नुसती संख्या वाढवून भागत नाही. समजा, सिकलसेलचे रुग्ण तुम्ही वैनगंगेकाठून घेतले आणि निरोगी लोक नागपूरच्या कॉलेजातून. लग्नं जातीतच होतात, त्यामुळे जो फरक दिसेल तो आजाराचा नसून जातीचा असू शकतो. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत संस्थापक-परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक दिसला. त्यात गोसीखुर्दच्या धरणात गावं गेली, माणसं पुनर्वसनाच्या गावठाणांत आली. फॉर्मवरच्या आजच्या पत्त्यावरून पूर्वज कळत नाहीत. आजी-आजोबांचं मूळ गाव आणि सोयरीक कुठं कुठं होते, हे विचारावंच लागतं.

२०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या अभ्यासाने उंचीच्या १२,१११ जागा दाखवल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांनी ४० टक्के फरक समजतो, इतरांत १० ते २० टक्केच. यातल्या दुसऱ्या आकड्यात तुम्ही-आम्ही येतो.