निळा डाग लाल समजावा



आज आपण गंगापूर रोडवर जमलो आहोत. कुसुमाग्रज स्मारक याच भागात, म्हणजे तात्यासाहेबांच्या अंगणातच बसलोय म्हणा ना. म्हणून सुरुवात १९७० सालापासून करू. त्या वर्षी डॉ. श्रीराम लागूंनी तात्यासाहेबांच्या 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर उभे केले. आणि त्याच वर्षी त्यांनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगमंचावर आणलं. एका नाटकानं मराठी घरं रडली, दुसऱ्यानं ती बिथरली. नट तोच, प्रेक्षकही बराचसा तोच.

'गिधाडे'मध्ये साडीवर रक्ताचा लाल डाग दिसायचा. परीक्षण मंडळानं हरकत घेतली. मग डाग निळा झाला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आलं, की निळा डाग कृपया लाल समजावा. हा किस्सा आपण हसत हसत सांगतो. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. बदल केला, पण तो लपवला नाही. काय काढून घेतलंय हे प्रेक्षकाला कळलं होतं.

आज प्रश्न विचारला जातो तो असा: दौऱ्यावर निघालेल्या मंडळींनी गाव बघून प्रयोग बदलावा का? मुंबईत चालणारं वाक्य नाशिकला गाळावं का? आमचं उत्तर सरळ 'नाही' असं नाही. कारण प्रयोग बदलणं ही आपल्याकडे जुनी रीत आहे. तमाशातली बतावणी गावागणिक बदलते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर हजरजबाबी कोट्या करायचे. पण तिथं बदल कशासाठी? समोरच्या गावाला नेमका चिमटा बसावा म्हणून. आजचा बदल उलट्या दिशेनं होतो. चिमटा कुणालाच बसू नये म्हणून. पहिला बदल प्रेक्षकाच्या जवळ जातो, दुसरा त्याच्यापासून पळतो.

आणि पळायचं कुणापासून, हेही बघा. 'नाशिकचा प्रेक्षक दुखावेल' असं ठरवणारा माणूस बहुतेक वेळा तिकीट काढून बसलेला प्रेक्षक नसतोच. कंत्राटदाराला फोन येतो, तो व्यवस्थापकाला सांगतो, व्यवस्थापक नटाला. तिसऱ्या घंटेपर्यंत दोन प्रसंग गेलेले असतात. ज्याच्या नावानं हे झालं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक थांबवलं. सरकारनं नव्हे, संस्थेनं. तरुण कलावंत बाहेर पडले, थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, नाटक पुन्हा उभं केलं. त्याच वर्षी 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. या कथा आपल्याला आवडतात. पण सगळ्यांना कोर्ट परवडत नाही. हौशी संस्थेतली मुलगी दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येते. प्रयोगात गोंधळ झाला तर पहिली खुर्ची तिच्या अंगावर येते, तुमच्या-आमच्या नाही. तिनं एखादं वाक्य गाळलं, तर तिला भित्री म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून आमचा आग्रह धैर्याचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे. बदलायचं असेल तर बदला, पण सांगून. प्रयोगाआधी एक वाक्य पुरे: आज अमुक प्रसंग आम्ही करत नाही आहोत. सांगायची लाज वाटत असेल, तर बदलाचं कारणच पुन्हा तपासावं. आणि जो प्रसंग काढल्यावर नाटकाला अर्थच उरत नाही, तो काढून प्रयोग करू नये. पडदा न उघडलेला बरा. 'गिधाडे'त डागाचा रंग गेला, डाग राहिला. डागच पुसला असता, तर त्या घरातली हिंसा कुणाला दिसली असती?

यात आम्हा परीक्षण लिहिणाऱ्यांचाही दोष आहे. आम्ही मुंबई-पुण्यातला प्रयोग बघतो, त्यावर लिहितो, आणि तेच नाटक सगळीकडे पोचलं असं गृहीत धरतो. इथं कालिदास कलामंदिरात नेमकं काय दाखवलं गेलं, हे आम्ही विचारत नाही. पूर्ण तिकिटात अर्धं नाटक बघून गेलेला माणूस घरी जाऊन म्हणतो, 'एवढं काही नव्हतं हो त्यात!' त्याच्याजवळ नाटक पोचलंच नाही, आणि त्याला ते माहीतही नाही. दुखावला गेलेला प्रेक्षक निदान भांडायला तरी येतो. याच्याशी बोलायला जागाच उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नाटक संपल्यावर विंगेत जाऊन नटाला भेटाल, तेव्हा छान झालं म्हणाच. आणि मग विचारा: आज आमच्यासाठी काय गाळलंत?