चित्रात अडकलेला धडा

दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' या धड्यावर शिक्षकांनी तयार करून इंटरनेटवर ठेवलेले बरेच साहित्य मराठीत मिळते. त्यात टिपणे आहेत, प्रश्नसंच आहेत, चित्रफिती आहेत. यांपैकी काही आम्ही अलीकडे तपासले. 'पाहिले' असे मुद्दामच म्हणत नाही, कारण त्यातले बहुतेक आम्ही पडदा बंद ठेवून ऐकले. सोबत अकरावीत शिकणारी एक अंध विद्यार्थिनी होती. हाच धडा तिने दहावीला धाकट्या भावाकडून वाचून घेऊन पुरा केला होता. आमच्यापेक्षा परीक्षक म्हणून तिचा अधिकार मोठा.

ऐकण्यासाठी 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर वापरला. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ही संगणक-प्रणाली मोफत मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. ते स्वतः अंध आहेत. प्रणाली मराठीही वाचते, म्हणजे यंत्राची अडचण नव्हती.

पहिले टिपण उघडले आणि संगणक गप्प बसला. वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केलेली होती. अक्षर वळणदार, आकृत्या सुरेख. पण संगणकाच्या लेखी तिथे अक्षरे नव्हतीच, एक चित्र होते. दुसरे टिपण टंकलिखित होते. ते संगणकाने इंग्रजी अक्षरांची बाराखडी म्हणावी तसे वाचून काढले. याचे कारण जुन्या फाँटमध्ये आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फाँटमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार चढवलेले असत. रेमिंग्टन टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या एका प्रचलित फाँटमध्ये 'राम' हा शब्द आतून 'जे, के, ई' असा साठवला जातो. डोळ्यांना राम दिसतो, कानाला जेकेई ऐकू येते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. आजही नवे टिपण जुन्या फाँटमध्ये टाइप व्हावे, याला सवयीखेरीज दुसरे कारण आम्हांला सापडले नाही.

तिसरे टिपण युनिकोडमध्ये होते, तरी 'किरण' हा शब्द धड उच्चारला जाईना. ऱ्हस्व वेलांटी आपण 'क'च्या आधी काढतो आणि उच्चारतो मात्र नंतर. पीडीएफ करताना पुष्कळदा आकारांचा क्रम साठवला जातो, उच्चारांचा नाही. मग आधी लोंबकळणारी वेलांटी आणि मग 'करण'. हेच टिपण मूळ वर्ड फाइलच्या रूपात मिळाले असते तर हा घोटाळा झाला नसता. पीडीएफबरोबर ती फाइलही ठेवायला खर्च काही नाही.

सूत्रांची कथा याहून वाईट. प्रकाशाचा निर्वातातील वेग ३ × १०⁸ मीटर प्रति सेकंद. घातांक नुसता आकाराने लहान करून वर उचललेला असेल, तर संगणक वाचतो, 'तीन गुणिले एकशे आठ'. गुणाकार केला तर ३२४ येतात, म्हणजे प्रकाश हवेतल्या ध्वनीपेक्षाही हळू! आमची विद्यार्थिनी यावर मनापासून हसली. पण जिला तो आकडा आधी ठाऊक नाही, ती मुलगी हसणार नाही, ती तो पाठ करील.

हे सुटण्यासारखे नाही असे कोणी म्हणू नये. टी. व्ही. रामन हे १९६५ मध्ये पुण्यात जन्मले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गणिती मजकूर बोलून दाखवणारी 'ॲस्टर' ही प्रणाली तयार केली. १९९४ च्या या प्रबंधाला संगणकशास्त्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, अशी तिची पद्धत. हे जमले याचे कारण त्यांच्या हाती सूत्राचे चित्र नव्हते, सूत्राची रचना होती. कुठला अंक पायाचा आणि कुठला घाताचा, हे मूळ मजकुरातच लिहिलेले होते. आज वर्डमधल्या समीकरणाच्या सोयीने लिहिलेल्या सूत्रातही ही रचना टिकते. आम्ही तपासलेल्या टिपणांत मात्र बहुतेक सूत्रे चित्र म्हणून डकवलेली होती.

चित्रफितींत दोन टोके दिसली. एकीत शिक्षक फळ्याकडे तोंड करून सांगतात, "हा किरण इथून असा येतो, इथे असा वळतो आणि असा निघून जातो." फळा दिसत नसेल तर यात शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि चेहरा वळलेला असल्याने ओठांवरून समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलालाही काही मिळत नाही. दुसऱ्या चित्रफितीत एक बाई वाटीत नाणे ठेवतात. त्या म्हणतात, "मी आता मागे सरकते. वाटीच्या काठामुळे नाणे दिसेनासे झाले. माझी जागा न बदलता वाटीत पाणी ओतायला सांगते. बघा, नाणे पुन्हा दिसू लागले." अपंगांसाठी म्हणून त्यांनी वेगळे काहीच केलेले नाही. त्या चांगल्या शिक्षिका आहेत, एवढेच. विद्यार्थिनीने ही चित्रफीत दोनदा ऐकली. उणीव एकच, सबटायटल्स यंत्रावर सोपवलेली होती. 'अपवर्तन'च्या जागी 'परावर्तन' उमटले तर धडाच बदलतो, म्हणून यंत्राचे काम माणसाने एकदा वाचायलाच हवे.

रंगांविषयी थोडेच सांगतो. आपाती किरण लाल, अपवर्तित किरण हिरवा आणि नावे कुठेच नाहीत, अशा आकृत्या पुष्कळ आढळल्या. लाल-हिरव्यात गोंधळणारा एखादा मुलगा मोठ्या वर्गात बहुधा असतोच.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. शिक्षक शाळा सांभाळून, पदरमोड करून हे साहित्य फुकट देतात. त्यावर एवढ्या अटी लादल्या तर ते देणेच बंद करतील. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हे घडले आहे. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातील दोघांच्या वतीने तक्रार झाली आणि बर्कलीची मोफत व्याख्याने अपंगांना वापरता येत नाहीत, असे तिथल्या न्याय खात्याने ऑगस्ट २०१६ मध्ये कळवले. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने २० हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती जनतेसाठी बंद करून टाकल्या. सबटायटल्स मागणाऱ्यांमुळे सर्वांचेच नुकसान झाले, असा गवगवा तेव्हा झाला. आम्हांला तो पटत नाही. बंद करण्याचा निर्णय तक्रारदारांचा नव्हता, विद्यापीठाचा होता; आणि त्याच विद्यापीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपले ऑनलाइन साहित्य सुगम्य करण्याचा समझोता केला.

एवढे मात्र खरे की विद्यापीठ आणि एकटा शिक्षक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम ४२ ही जबाबदारी शासनावर टाकते. सरकारी पैशातून होणाऱ्या साहित्याबाबत सबब चालू नये. शिक्षकाकडून आम्ही कमी मागतो. युनिकोड, मूळ फाइल, डकवलेल्या चित्राऐवजी लिहिलेले सूत्र आणि 'हा-इथे-असा'च्या जागी नामे, एवढे सुरुवातीपासून केले तर वेगळे श्रम फारसे नाहीत.

आकृतीचे वर्णन मात्र अवघड आहे, हे कबूल करतो. 'आकृती : काचेच्या चिपेतून अपवर्तन' हे वर्णन नव्हे, ते शीर्षक झाले. आम्ही लिहून पाहिले : "आयताकृती काचेची चीप. वरच्या कडेवर डावीकडून एक किरण तिरका पडतो. काचेत शिरताना तो अभिलंबाकडे झुकतो. खालच्या कडेतून बाहेर पडताना तो अभिलंबापासून दूर जातो. बाहेर आलेला किरण मूळ किरणाला समांतर आहे, पण थोडा बाजूला सरकलेला आहे." पाच वाक्यांना तासभर लागला. त्यात एक मेखही आहे. प्रश्नसंचात 'कोणता कोन मोठा?' असे विचारले असेल तर 'अभिलंबाकडे झुकतो' हे शब्द उत्तरच फोडतात. तिथे कोनांची मापे द्यावी लागतात आणि निष्कर्ष मुलांवर सोडावा लागतो.

हे वर्णन विद्यार्थिनीने ऐकले, हाताने टेबलावर किरणाची वाट काढून पाहिली आणि विचारले, "चीप दुप्पट जाड घेतली तर किरण किती सरकेल?" दुप्पटच सरकेल, असे आम्ही सांगितले, आपाती कोन तोच ठेवला तर. मग लक्षात आले की आमच्या पाच वाक्यांत चिपेची जाडी आणि आपाती कोन, दोन्ही द्यायचे राहिले होते.