वाल्या, वाल्मीकी आणि 'यंग लॉर्ड्स' : टोळीच्या रूपांतराचे वाङ्मयीन स्वरूप

वाटमारी करणारा माणूस लोकहिताच्या मार्गाला लागतो, या कथेचा साचा मराठी मनात वाल्या कोळ्याच्या आख्यानाने पक्का केलेला आहे. नारदाची भेट, पापात वाटेकरी होण्यास कुटुंबाने दिलेला नकार, एकट्याने केलेली तपश्चर्या आणि शेवटी लाभलेले नवे नाव हे या आख्यानाचे चार टप्पे होत. गुन्हेगारी जीवनातून बाहेर पडलेल्यांची आत्मकथने वाचताना आपण नकळत हेच टप्पे शोधू लागतो. परंतु रूपांतर व्यक्तीचे नसून संपूर्ण टोळीचे असेल, तर हा साचा कितपत उपयोगी पडतो? शिकागो येथील 'यंग लॉर्ड्स' या पोर्तो रिकन संघटनेच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

शिकागोच्या लिंकन पार्क भागात 1950 च्या दशकाच्या अखेरीस पोर्तो रिकन मुलांनी ही टोळी उभी केली. गोऱ्या मुलांच्या टोळ्यांपासून स्वतःचे रक्षण करणे ही तिची मूळ गरज होती. तिच्या संस्थापकांपैकी होसे 'चा चा' हिमेनेस (1948-2025) हा 1968 मध्ये तुरुंगात असताना त्याने टॉमस मर्टन या ख्रिस्ती संन्याशाचे आत्मचरित्र, तसेच माल्कम एक्स व मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयीचे लेखन वाचले. त्याच वर्षी 23 सप्टेंबरला, म्हणजे स्पेनविरुद्धच्या 1868 मधील लारेसच्या उठावाच्या शताब्दीदिनी, टोळीची राजकीय संघटना म्हणून पुनर्रचना झाली. 1969 च्या मे महिन्यात तिने मॅककॉर्मिक धर्मविद्यालयाच्या इमारतीचा ताबा घेऊन अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी घरांची मागणी केली. त्यानंतर आर्मिटेज मार्गावरील मेथडिस्ट चर्चमध्ये बालसंगोपन केंद्र, मुलांसाठी मोफत न्याहारी व दवाखाना असे उपक्रम सुरू झाले.

तुरुंग, ग्रंथवाचन आणि जागृती एवढेच पाहिले, तर ही वाल्याचीच कथा वाटते. परंतु येथे दोन महत्त्वाचे भेद आहेत. वाल्या घर सोडून एकटाच वारुळात बसतो. हिमेनेस मात्र तुरुंगातून सुटल्यावर आपल्या जुन्या सोबत्यांकडे परत गेला. वाल्याचे नाव बदलते. टोळीने आपले नाव बदलले नाही. ज्या नावाची परिसरात दहशत होती, त्याच नावाने तिने लहान मुलांसाठी दार उघडले. येथे तपश्चर्येची जागा परत जाण्याने घेतलेली आहे.

या भेदाचे वाङ्मयीन महत्त्व पिरी थॉमस याच्या लेखनाशी तुलना केल्यास स्पष्ट होते. 'डाउन दीज मीन स्ट्रीट्स' (1967) या त्याच्या आत्मचरित्रात न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममधील टोळ्या, अमली पदार्थ, सशस्त्र दरोडा आणि कारावास यांचे चित्रण आहे. 'सेव्हियर, सेव्हियर, होल्ड माय हँड' (1972) मध्ये धार्मिक परिवर्तन आणि त्यानंतरचे रस्त्यावरील मुलांमधील काम येते. प्रथमपुरुषी निवेदन येथे अपरिहार्य आहे, कारण परिवर्तनाची रणभूमी निवेदकाचे मन हीच आहे. अशा निवेदनात टोळी हा मागे टाकावयाचा भूतकाळ ठरतो. समूहाने एकत्र वळण घेतल्याची कथा सांगण्यास हा 'मी' अपुरा पडतो.

मग ते वळण नेमके कशात पाहावे? माझ्या मते ते एका शब्दाच्या अर्थविस्तारात आहे. टोळीच्या जीवनात 'हद्द' ही मध्यवर्ती कल्पना असते. लिंकन पार्कमध्ये नगर-नवीकरणाच्या योजनेने गरीब कुटुंबांची घरे जाऊ लागली, तेव्हा हद्दीचा शत्रू बदलला. पलीकडच्या गल्लीतील टोळीच्या जागी महानगरपालिका आणि जमिनीचे व्यवहार उभे राहिले. हद्द राखण्याची जुनी सवय, निष्ठा आणि एकजूट नाहीशी झाली नाही. हद्दीचा अर्थ वस्ती असा झाला. म्हणूनच या प्रसंगाला हृदयपरिवर्तनापेक्षा पुनर्वाचन म्हणणे अधिक युक्त ठरेल.

मात्र अशा पुनर्वाचनात जुने दोषही सोबत येतात, हे न्यूयॉर्क शाखेच्या संहितेवरून दिसते. 'ब्लॅक पँथर' पक्षाच्या वृत्तपत्रातील हिमेनेसची मुलाखत वाचून न्यूयॉर्कमधील तरुणांनी, ज्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा भरणा होता, 1969 च्या जुलैमध्ये ही शाखा काढली. तिच्या तेरा कलमी कार्यक्रमाच्या पहिल्या पाठात स्त्रियांच्या समतेची मागणी दहाव्या कलमात होती आणि तेथे पौरुषाच्या अहंतेला, म्हणजे 'मचिस्मो'ला, क्रांतिकारक वळण द्यावे असे सुचविले होते. संघटनेतील स्त्रियांनी यास हरकत घेतली. 1970 मधील सुधारित पाठात हे कलम पाचव्या क्रमांकावर आले व त्यात मचिस्मोचा सरळ धिक्कार करण्यात आला. टोळीच्या मर्दानगीला सेवेच्या कामाने आपोआप मुक्ती मिळाली नाही. ज्यांना तिचा जाच होत होता, त्यांना संहिता बदलून घ्यावी लागली. दोन पाठांमधील हे अंतर कोणत्याही आत्मकथनातील पश्चात्तापापेक्षा अधिक बोलके आहे.

काव्याच्या क्षेत्रात याला समांतर उदाहरण पेद्रो पिएत्री याच्या 'पोर्तो रिकन ऑबिच्युअरी' या कवितेचे आहे. 28 डिसेंबर 1969 पासून अकरा दिवस या शाखेने ईस्ट हार्लेममधील एका मेथडिस्ट चर्चचा ताबा घेतला होता. तेथे पिएत्रीने ती वाचली. आयुष्यभर राबून मेलेल्या पाच सामान्य माणसांची नावे तिच्यात पुनःपुन्हा येतात. मृत्युलेखाचा हा मान वृत्तपत्रात प्रतिष्ठितांना मिळतो. येथे तो त्यांना मिळतो आणि कविता व्यक्तीच्या 'मी'कडून वस्तीच्या नामावलीकडे सरकते.

मराठी अभ्यासकाला येथे 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'दलित पँथर'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही संघटनांनी 'ब्लॅक पँथर'पासून प्रेरणा घेतली. परंतु तुलना जपून करावयास हवी. 'दलित पँथर' टोळीतून निर्माण झाली नाही. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिचे संस्थापक लेखक होते. तेथे साहित्याने संघटनेला जन्म दिला. शिकागोत संघटना आधी झाली आणि तिचे साहित्य मुख्यतः दुसऱ्या शहरात, टोळीत न वाढलेल्यांकडून लिहिले गेले. समान प्रेरणास्थानापेक्षा हा क्रमभेदच तौलनिक अभ्यासास अधिक फलदायी ठरेल.

1972 मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने आपले नाव बदलून क्रांतिकारी कामगार संघटनेचे नाव घेतले आणि कारखान्यांकडे लक्ष वळविले. वस्तीशी असलेला त्याचा संबंध क्षीण झाला व 1976 पर्यंत तो संपुष्टात आला. वाल्याला नव्या नावाने अमरत्व दिले. येथे जुन्या नावातच बळ होते. लिंकन पार्कमधील पोर्तो रिकन वस्तीही पुढे विस्थापित झालीच. त्या वस्तीतील माणसांच्या तोंडी साक्षी मिशिगनमधील ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाने हिमेनेसच्या सहभागाने जतन केल्या आहेत. त्यांत निवेदक अनेक आहेत. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीला पूरक ठरते, कधी तिला छेद देते. समूहाच्या रूपांतराला अनुरूप असा वाङ्मयप्रकार कोणता, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला या साक्षींत दिसते. त्यांना आपण अद्याप इतिहासाची साधने मानतो. ज्यांची हद्द नकाशावरून पुसली गेली, त्यांच्या वस्तीचे अस्तित्व आता या साक्षींच्या शब्दांतच उरले आहे. म्हणून त्यांचे साहित्य म्हणून वाचन करण्याचे उत्तरदायित्व तौलनिक समीक्षेने स्वीकारावयास हवे.