पंतोजीचा हात

जोतीराव फुल्यांच्या 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' या पवाड्याला आपले टीकाकार प्राध्यापक फार तर दोन ओळी देतात. प्रचारकी म्हणायचं, 1869 साल टाकायचं, पुढच्या पानावर जायचं. मास्तरानं वर्गात कसं वागावं याबद्दल इतकं रोखठोक मराठीत दुसरं काही माझ्या वाचण्यात नाही.

पवाडा म्हटला की घोडा, तलवार, गड. त्याच साली जोतीरावांनी शिवाजीराजांचाही पवाडा छापला. आणि तोच बाज एका पगारी पंतोजीला लावला! हा पंतोजी कुणी राक्षस नाही, सरकारी नोकर आहे. पगार कुठून? शेतकऱ्याच्या घामातून वसूल केलेल्या लोकल फंडातून. आणि वर्गात भटाच्या पोराला एक न्याय, शूद्राच्या पोराला दुसरा. ज्याचं खातो त्याच्याच पोराला हाणतो, हा या रचनेचा कणा आहे. लय कुठं अडखळते हे मोजत बसणाऱ्यांना तो दिसणार नाही.

नुसत्या शिव्या देऊन जोतीराव थांबले नाहीत. 1882 साली हंटर कमिशनपुढं त्यांनी जे निवेदन दिलं ते या पवाड्यासोबत वाचावं, मित्रांनो. तिथं ते म्हणतात, मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, शिकून तयार झालेला असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ नाहीतर सुताराचा वाकस धरायला त्यानं लाजू नये. पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस. शाळेची तपासणी तीन महिन्याला, शिवाय कधीही, न कळवता. नीतीच्या गप्पा मारायच्या आणि मास्तराला उपाशी ठेवायचं, हा ढोंगीपणा त्यात नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं जोतीरावांशी जुळत नाही. जास्त पोरं पास करणाऱ्या मास्तराला पगाराबाहेर खास भत्ता द्यावा असं ते सुचवतात. आम्ही मागावरची माणसं. मिटरावर बोनस लागला की तुटलेला ताणा झाकून कापड कसं पुढं ढकलतात ते आम्हाला विचारा. मागं पडणारं पोर म्हणजे तुटलेला ताणाच. भत्त्याच्या हिशेबात ते पहिलं गळणार, आणि ते बहुतेक आपल्याच वस्तीतलं असणार. न कळवता तपासणी त्यांनी मागितली ती बरी, पण इन्स्पेक्टर तरी कोणाच्या जातीचा, हा त्यांचाच प्रश्न उरतो.

बाबासाहेबांना सातारच्या शाळेत गोणपाटावर बसवलं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. मास्तरानं उठून पाणी वाढलं असतं तर कुठला कायदा आडवा येत होता? पुढं 1918 साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात स्वतः प्राध्यापक झाले, तेव्हा माठाला हरकत घेणारे सहकारी प्राध्यापकच होते. पदव्या वाढल्या, माठ तोच.

आता 2009 चा शिक्षण हक्क कायदा काढा. कलम 17 नं मारहाण आणि मानसिक छळ बंद केला, चांगलं केलं. कलम 28 नं मास्तराला खाजगी शिकवणी बंद. कलम 24 मध्ये मास्तराची कर्तव्यं एकाखाली एक लिहिलीत : वेळेवर यावं, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक पोराची कुवत बघावी, पालकांना भेटावं. हयगय केली तर शिस्तभंगाची कारवाई. पण वंचित घटकातल्या पोराशी भेदभाव होऊ नये हे कुठं आहे? कलम 8 आणि 9 मध्ये. ती जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर. मास्तराच्या यादीत ती ओळच नाही. शेवटी इतर कर्तव्यं नियमात ठरतील म्हणून सोडून दिलंय.

जोतीरावांनी जी ओळ सगळ्यात आधी लिहिली असती, नेमकी तीच तिथं गाळलेली आहे. आणि आमचे टीकाकार म्हणतात पवाडा जुना झाला.